नववी थाप

शाळेच्या दुरुस्तीचं काम पाहणाऱ्या पुष्करसाहेबांनी कागद टेबलावर सरकवला आणि निळ्या शाईची डबी उघडून माझ्यापुढं ठेवली.

"रुखमाबाई, इथं अंगठा द्या. झालं तुमचं काम."

मी डबीला झाकण लावलं आणि कागद डोळ्यांजवळ धरला. अक्षरं मी साठीनंतर शिकले, नातीच्या पाटीवर. हळू वाचते, पण वाचते. शाळेचं चुन्याचं छत दुरुस्तीपलीकडे गेलं आहे, ते तोडून सिमेंटचा स्लॅब टाकावा, असं अनुभवी कारागिराचं मत आहे, असं लिहिलं होतं.

"हे माझं मत नाई, साहेब."

"मावशी, नव्वद वर्षांचं छत आहे. गळून राहिलं ना."

"एका कोपऱ्यात गळते. तेवढ्यासाठी सगळं फोडता काहून? मले सात बाया द्या, वीस दिवस द्या. मग वर घोट्याएवढं पाणी भरा. खाली एक थेंब पडला, तर अंगठा काय, दोन्ही पंजे उमटवून देतो."

साहेब हसले. पण जुन्या इमारतींच्या समितीला कारागिराची सही हवीच होती. ते कबूल झाले.

महाल भागात, बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत ही मुलींची शाळा. आता तिथं वाचनालय होणार आहे. या शाळेत मी कधी शिकले नाही. चौदाव्या वर्षी तिची जुनी गच्ची नव्यानं ठोकायला थापी धरली, तेव्हा खालून पाढे ऐकू यायचे. पुढं महालात कितीतरी गच्च्या ठोकल्या. त्या सगळ्या फुटल्या. माझ्या हातची ही एकच उरली होती.

मुरलेला चुना आणि विटांचा चुरा पसरला. आठही जणी उकिडव्या बसलो. गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडायचं, लाकडी थापीनं ठोकायचं, मागं सरकायचं. दिवसभर तेच. गच्चीला काकवीसारखा वास सुटला होता.

तिसऱ्या दिवशी शेजारची कामिनी थांबली. "मावशी, आपण आठच ना?"

"काहून वं?"

"थापा नऊ पडून राहिल्या."

"समोरची भिंत आवाज परत फेकते. ठोक तू."

तरी दुपारी मी सगळ्यांना थांबवलं आणि एकेकीला एकच थाप मारायला लावली. आठ थापा झाल्या. मग नववी आली. भिंतीचा आवाज असता, तर प्रत्येकीनंतर आला असता. हा आला माझ्या आणि कामिनीच्या मधून. तिथं एक बाई बसेल एवढी जागा रिकामी होती. ती सोडा असं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी रांग सरकवून जागा बुजवली. जेवणाचे डबे उघडेपर्यंत ती जागा पुन्हा रिकामी झाली होती.

पाचव्या दिवशी गुळावर मुंग्या आल्या. त्यांची रांग कठड्यापासून सरळ निघाली, रिकाम्या जागेपाशी आली आणि वळसा घालून पलीकडे गेली. बसलेल्या कामिनीला मुंग्यांनी घातला होता, तेवढाच वळसा.

कामिनी थापी टाकून उठली. "मी नाई बसत इथं. माझे लेकरं लहान आहेत बाप्पा!"

"जाय. मंग उद्या मशीन येऊन हे फोडन, तेव्हा खाली उभी राहून पाहाजो."

ती जिन्यापाशी थबकली. मी रिकाम्या जागेकडे वळले. मला राग आला होता.

"अन् तू. कोणीही असशील. आली तर बस. पण हात किती हलका पडून राहिला तुझा? असा चुना बसते का? जोरानं ठोक."

पुढची थाप इतक्या जोरात पडली, की चुन्याचं पाणी माझ्या लुगड्यावर उडालं.

कामिनी परत येऊन बसली.

विसाव्या दिवशी छत तळहातासारखं गुळगुळीत झालं. आठवडाभर ओलं ठेवलं, मग पाणी भरलं. साहेबांनी खालच्या वर्गात जमिनीभर वर्तमानपत्रं अंथरली. तीन दिवस ती कोरडी राहिली.

तिसऱ्या दुपारी ते वर आले. वारा नव्हता. समोरच्या दोरीवरची चादर हलत नव्हती.

पाण्यात एकाच जागी वर्तुळं उठत होती.

एक. थोडं थांबून दुसरं.

शेवटच्या दिवशी मी आणि कामिनी बसलो होतो, त्याच्या मधोमध.

"मावशी, पाण्यात काही आहे का?"

"पाणी आहे."

ते खाली गेले. मीही गेले. त्यांनी नवा कागद लिहिला: छत पक्कं आहे, तोडू नये. मी पूर्ण नाव लिहिलं. वेळ लागला. शाई वाळावी म्हणून कागद उचलला, तर बोट ओलं झालं.

माझ्या नावाखाली पांढरा अंगठा उमटला होता. चुन्याचा.

साहेबांनी रुमाल काढला. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. तिनंही ठोकलं आहे."

कागद तसाच समितीकडे गेला. मग मी आवारभर फिरले. टाकं पाहिलं, घमेली पाहिली, थाप्या पाहिल्या. चुन्याचं काम संपून दहा दिवस झाले होते. ओला चुना कुठंच नव्हता.