तापोबा

टकलेवस्तीतल्या बायका सकाळी तापोबाला आंघोळ घालायच्या, आणि दगडावरचं पाणी बघता बघता सुकायचं. मग शेंदूर, खोबरं, उदबत्ती. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून ‘जागृत देवस्थान’ म्हणून पुढे पाठवला. तो डॉ. वृंदा खांबेटे यांच्या फोनवर पोचला, तेव्हा त्यांनी लगेच गाडी काढली. तो दगड त्यांनीच घडवला होता.

वस्तीलगतच्या त्या माळाखाली अणुभट्टीतला कचरा पुरलेला होता. तो हजारो वर्षं घातक राहणार होता, आणि तोवर आजची भाषा कुणाला कळेल याची खात्री नव्हती. म्हणून धोक्याची खूण ठरवणाऱ्या समितीने भरपूर चहा पिऊन आणि भरपूर भांडून ठरवलं, की अक्षरं नकोत, कवटीचं चित्रही नको. वृंदाने बोधशिळा सुचवली. खालची कचऱ्याची पेटी गळू लागली, की त्याच किरणोत्साराने शिळा तापेल आणि तिचा राखाडी लेप लालभडक होईल. लाल, तापलेल्या वस्तूपासून माणूस आपोआप दूर होतो, असं सगळ्या तज्ज्ञांचं मत पडलं. रस्त्याकडेच्या लाल दगडापुढे गाडी थांबवून त्यांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी नारळ फोडला होता. त्या बैठकीत ते कुणाला आठवलं नाही, एवढंच.

वृंदा वस्तीवर पोचली तेव्हा आरती चालू होती. शिळेला टेकून, गोधडीत गुंडाळलेलं एक तान्हं बाळ झोपलं होतं.

“हे कुणाचं बाळ? उचला आधी,” ती ओरडली.

“माझं हाय,” पल्लवी टकले म्हणाली. जेमतेम विशीतली पोर ती. “सातव्या महिन्यात झालं, ताई. दवाखान्यातनं घरी आणलं तर अंग गार पडायला लागलं. देवाच्या उबंला ठेवलं, तवापासनं दूध पितंय.”

वृंदाने किरणमापक काढला. तो आधी अडखळत आणि मग सलग टकटकू लागला. तिने आकडा दोनदा वाचला. भोवतालच्या बायकांनी मात्र त्या यंत्रापुढे हात जोडले.

“देव कौल देतोय,” पूजा करणारे सदूअण्णा हळूच म्हणाले.

“हा देव नाही, अण्णा. खाली विष आहे आणि ते वर येतंय. दगड तापलाय तो त्यानेच.”

“इख पचवणारा बी देवच असतोय, बाई,” अण्णा शांतपणे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात जराही हट्ट नव्हता. शहाण्या माणसाने अडाण्याला समजवावं, तसं ते तिला समजावत होते.

आता खरं सांगून भागणार नाही, हे वृंदाच्या लक्षात आलं. तिने आवाज चढवला. “देव कोपलाय! शिवारात कुणी थांबायचं नाही.”

हे मात्र पटलं. गर्दी भराभर मागे सरली. पल्लवीनेही बाळ उचललं, तेव्हा वृंदाचा जीव भांड्यात पडला. पण चार पावलं गेल्यावर पल्लवी थांबली, वळली आणि सरळ शिळेकडे चालू लागली.

“कुठे निघालीस?”

“देव कोपला म्हंजे माझंच काय तरी चुकलं आसंल. लेकरू त्याच्या पायावर घालते. त्यानंच दिलंय ते.”

वृंदा धावत जाऊन तिच्या आणि शिळेच्या मधे उभी राहिली. पाठीला शिळेची ऊब लागली. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. धोका म्हणून ती जे जे दाखवत होती, त्याने ही माणसं दगडाच्या आणखी जवळ येत होती. तिचे हात लटलट कापू लागले आणि ती रडायला लागली.

“हा दगड मी केलाय गं,” ती कशीबशी म्हणाली. “माझ्या हातांनी. आणि मला त्याची भीती वाटतेय.”

पल्लवी तिच्या कापणाऱ्या हातांकडे बघत राहिली. मग तिने बाळ छातीशी घट्ट धरलं आणि ती मागे सरली, पार बांधापर्यंत. तिथून तिने विचारलं,

“ताई, मग इतकं दिस मी ह्याला तिथं निजवलं, त्याचं काय?”