न घेतलेलं नाव

कापसानं पाठ फिरवली त्या वर्षांत अकोल्याभोवतीच्या निम्म्या वावरांत झेंडू उभा राहिला. फूलवाल्या वाढल्या, तसे फूलबाजारात नवे ओटे बांधले गेले आणि त्यांची नोंदणी कॉम्प्युटरवर आली. तो प्रोग्राम लिहिला वकारनं. गडी मोठा खुशीत होता. पहिलंच काम, आणि बाजारातली जी ती बाई 'वकारभाऊ, वकारभाऊ' करत चहा पाजायची.

शेवटच्या दिवशी भर दुपारी जयवंताबाई आल्या, सोबत शेजारीण सत्यभामा. संध्याकाळी नोंदणी बंद होणार आणि उरलेले ओटे दलालांच्या घशात जाणार, म्हणून दोघींची घाई.

"मालकाचं नाव?" वकारनं विचारलं.

"आमी त्यायचं नाव घेत नाई, भाऊ. गेल्या उन्हाळ्यात गेले ते."

जुन्या वळणाच्या बाईला नवऱ्याचं नाव विचारणं म्हणजे भिंतीशी बोलणं. वकारनं तो रकाना कोरा सोडला आणि सेव्ह दाबलं. पडद्यावर ओटाधारक म्हणून उमटलं, 'शालिकराम'.

हे नाव कोणी टाइप केलंच नव्हतं. जयवंताबाईंनी एकेक अक्षर लावून वाचलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. "हेच ते..."

वकारनं कोड उघडला. फॉर्मातल्या रकान्याचं नाव आतल्या ऑब्जेक्टमधल्या खणाच्या नावाशी जुळलं, की माहिती आपसूक त्या खणात पडते. या पठ्ठ्यानं आदल्या रात्री फॉर्म बदलताना अर्जदार आणि नवरा, दोघांच्या रकान्यांना एकच नाव दिलेलं! नवरा बायकोच्या खणावर चढून बसत होता. चूक सापडली, दुरुस्तही झाली. पण कोऱ्या रकान्यातून माणूस आला कुठून, हे कोडमध्ये कुठंच नव्हतं. खोलीत ओल्या झेंडूचा वास दाटला होता, आणि टोपली तर कोणीच आणली नव्हती.

त्यानं पुन्हा सेव्ह दाबलं. ओटाधारक, जयवंता. पती, शालिकराम.

"भेऊ नका, भाऊ." बाईंचा चेहरा उजळला होता. "ओटा माह्या नावावर हाये ना? मंग बसू द्या त्यायले सोबत."

आता सत्यभामाची पाळी आली.

"नाव तं मी बी नाई घेत," ती म्हणाली. "सकाळीच फटफटीवर तेल्हाऱ्याले गेले, रोपं आणाले. येतीलच आता जेवाले."

वकारला हायसं वाटलं. जित्या माणसाचा रकाना तरी कोरा राहील. त्यानं सेव्ह दाबलं.

पती, जानराव.

सत्यभामा कौतुकानं हसली. "अवं माय, तुमच्या मशीनले आमचे बी ठाऊक हायेत..."

जयवंताबाईंनी तिचा हात घट्ट धरला, आणि वकार तो रकाना पुनःपुन्हा पुसत राहिला.