उतारावरची वीज

भूकंपाचा धक्का ओसरला तेव्हा हेमांगी देवस्थळी खिंडीतल्या स्टेशनात, नव्या चिनी प्रवासीगाडीच्या केबिनमध्ये उभी होती. चाचणीसाठी डब्यांत माणसांऐवजी वाळूची पोती भरली होती. डोक्यावरची तार शाबूत होती, पण दरीतले वीजकेंद्र पडल्याने ती निर्जीव झाली होती.

खाली, चढावरच्या बोगद्यात, तशीच दुसरी गाडी सहाशे प्रवाशांसह अडकली होती. तिचा चालक गाओ रेडिओवर सांगत होता, "प्राणवायूची यंत्रं बॅटरीवर आहेत. तासाभरात बंद पडतील."

इतक्या उंचीवर बोगद्यातली हवा फार काळ पुरणार नव्हती.

"लिनबाई, आपण खाली उतरू," हेमांगी म्हणाली. "उतारावर आपल्या मोटरी जनित्रं होतात. ती परतवीज तारेत सोडू. शेजारच्या रुळांवरून गाओंची गाडी त्या विजेवर वर चढेल."

प्रमुख अभियंता लिन यांनी नकारार्थी मान हलवली. "मेलेल्या तारेत परतवीज जात नाही. आधी कुणीतरी विजेच्या लहरींचा ताल धरावा लागतो, मग मोटरी त्याला साथ देतात."

"ताल आपली बॅटरी धरेल. मी मोटरींच्या नियंत्रकाची आज्ञावली बदलते."

"जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर या उतारावर नुसते घर्षणब्रेक आपल्याला खालपर्यंत आवरणार नाहीत. तापून निकामी होतील."

"ठाऊक आहे. उतरायचं का?"

लिननी उत्तरादाखल गाडी सोडली.

पहिल्या वळणावर हेमांगीचा बदल लागू पडला, तारेत विजेचा दाब उभा राहिला. "दिवे आले!" गाओ ओरडला. एक गाडी उतरत होती, तिच्या वजनावर दुसरी चढत होती. बोगदा मागे पडला, प्रवासी उजेडात आले. थोड्याच वेळात गाओने कळवले, "खिंडीत पोचलो. थांबलो!"

लिन हसल्या. हेमांगीचे लक्ष मात्र वेगदर्शकाकडे गेले. काटा भराभर चढत होता. वीज खाणारे कुणी उरले नाही, तर मोटरी ब्रेक लावणार कशा? गाओची चढती गाडी हाच इतका वेळ त्यांचा ब्रेक होता, आणि ती आता थांबली होती.

"लिनबाई, घर्षणब्रेक एकदाच, पूर्ण दाबा. वेग अगदी कमी होऊ द्या." तिने रेडिओ ओढला. "गाओ, सगळ्या डब्यांतले हीटर लावा! गरम पाण्याचे बंब, स्वयंपाकडब्यातल्या शेगड्या, सगळं! लोकांना पाणी उकळत ठेवायला सांगा, थांबू नका!"

वेग उतरला, पण ब्रेक तापून धुरकटले, निकामी झाले. आता हीटर आणि बंब मिळून जेवढी वीज खात, तेवढाच काय तो आवर होता. तेवढ्याच्या आधारावर गाडी सायकलच्या चालीने खाली सरकत राहिली. वेग वाढू लागला, की हेमांगी आणखी एक बंब भरून लावायला सांगे. वर सहाशे माणसे कोट काढून, घामाघूम होऊन पाणी उकळत होती.

दरीतल्या सपाटीवर चाके एकदाची थांबली.

"मॅडम," गाओने विचारले, "लोक विचारताहेत, आता हीटर बंद करू का? दोन-दोन वाट्या नूडल्स खाऊन झाल्या सगळ्यांच्या."

"करा," हेमांगी म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसली.