सलव्यातल्या खोलीतलं खारं पाणी

विश्वास ठेवा, असा माझा आग्रह नाही. मी केमिस्ट्रीची. जे पाहिलं, जे तपासलं, तेवढंच लिहिते आहे. पण घडलं ते खरं आहे.

मे १९९६. कुवेतमधलं सलवा.

रात्र नव्हती, दुपार होती... पण धुळीचं वादळ उठलं होतं आणि खिडकीबाहेर सगळं तपकिरी, अंधारलेलं होतं.

मी तेव्हा जाब्रियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. सुट्टीच्या दिवशी लैला नावाच्या एका विधवा कुवेती बाईंकडे जायचे. त्यांच्या नवऱ्याला जुन्या कागदपत्रांचा नाद होता. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जहाजांत घालून पाठवलेल्या कैद्यांच्या याद्या त्यांनी लंडनमध्ये विकत घेतल्या होत्या. नाव, गाव, गुन्हा, शिक्षा, अंगावरच्या खुणा. एकाने दोन कोंबड्या चोरल्या होत्या... सात वर्षं. शिक्षा संपली तरी परतीचं भाडं ज्याचं त्याने भरायचं. बहुतेक जण परतलेच नाहीत.

ते कागद साफ करणं माझं काम. त्यांच्यासाठी काचेची कपाटं करत होता महादेव, मालवणकडचा सुतार.

त्याची आई गावी अंथरुणाला खिळली होती. ती जाण्याआधी त्याला पोचायचं होतं. पण पासपोर्ट लैलाबाईंच्या तिजोरीत. कपाटं पुरी झाल्याशिवाय रजा नाही, हे त्यांनी सांगून टाकलं होतं.

मग कागद ओले व्हायला लागले.

बंद खोली. चोवीस तास एसी. कागदांच्या पेटीत मी ओल शोषणारे सिलिका जेलचे निळे दाणे ठेवायचे. पुढच्या खेपेला ते गुलाबी झालेले असायचे, म्हणजे पाणी पिऊन तुडुंब.

कागदावरचा एक थेंब मी लॅबमध्ये नेला. सिल्व्हर नायट्रेट टाकलं. दह्यासारखा पांढरा साका बसला.

मीठ. मोजलं, तर समुद्रात असतं तितकं...

लैलाबाईंचा संशय सरळ महादेववर गेला. कागद नासवले की आपण त्याला हाकलून देऊ, म्हणजे आयतंच घरी जाता येईल, असा त्याचा डाव आहे म्हणाल्या. संध्याकाळी पोलिसांना बोलावणार होत्या. पोलीस म्हणजे आधी कोठडी. आई तोवर थांबली नसती.

मी त्याला विचारलं. तो रंधा पुसत होता.

"माका जावचा आसा, ताई," तो म्हणाला. "पण असा कायतरी करून नाय."

मी लैलाबाईंकडून तेवढी एक दुपार मागून घेतली. महादेवला स्वयंपाकघरात बसवलं, खोलीचं दार आतून लावलं आणि कागदांसमोर बसून राहिले.

बाहेर वादळ घोंघावत होतं.

मग ते ऐकू येईनासं झालं...

एसीही.

जुन्या होड्यांना लावतात तशा डांबराचा वास आला.

टेबलावर महादेवची लेव्हल पडली होती. फळी सपाट बसली का ते पाहायची पट्टी, आतल्या नळीत पाणी आणि एक बुडबुडा.

बुडबुडा डावीकडे सरकला.

थांबला.

मग सावकाश उजवीकडे...

पुन्हा डावीकडे.

टेबल जागचं हललं नव्हतं. मी कपातल्या चहाकडे पाहिलं. तोही एका कडेने चढत होता, मग दुसऱ्या. पायाखाली लाकूड करकरलं. त्या खोलीला संगमरवरी फरशी होती.

आणि श्वास... एकाचा नाही. दाटीवाटीने बसलेल्या खूप जणांचा.

मी दार उघडून लैलाबाईंना हाक मारली. त्या उंबरठ्यापर्यंतच आल्या. फरशीवर पाण्याचा ओघळ त्यांच्याकडे वाहत आला... आणि परत मागे गेला.

त्या मागे सरल्या. मग वर गेल्या आणि पासपोर्ट आणून महादेवच्या हातात ठेवला. मला एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे त्याला."

महादेव हत्यारं आवरायला त्या खोलीत एकटा गेला. बाहेर आला तो थांबलाच नाही. मिळेल त्या विमानाने निघून गेला.

त्यानंतर दाणे निळेच राहिले. मला हायसं वाटायला हवं होतं.

आठवड्याभराने लॅबमध्ये त्याचा फोन आला. आई भेटली होती. तिने त्याला ओळखलं, त्याच्या हातून पेज घेतली. मी फोन ठेवणार, तर तो थांबा म्हणाला.

आखातात एक रीत आहे. एका खोलीत राहणाऱ्यांपैकी कुणी घरी निघाला की बाकीचे आपापली पार्सलं त्याच्याकडे देतात. साबण, बाम, मुलांचे कपडे. नाही म्हणता येत नाही. महादेव मात्र कुणाला न सांगता निघाला होता. बॅग हलकी होती.

विमानतळावर ती त्याला उचलवेना.

घरी उघडली, तर कपडे होते तेवढेच. पण चिंब. मालवणच्या मे महिन्यातल्या उन्हातही सुकेनात.

"मी कोणाचा काय एक घेवक नाय, ताई," तो हळूच म्हणाला. "हत्यारा आवरताना ते यादीतले सगळे भोवती इले, तेवढाच. आता बॅग रिकामी केलंय... तरी जड आसा."

मग त्याने विचारलं,

"ह्या कोणाक पोचवूचा, तेवढा सांगा."

याद्यांमध्ये त्या माणसांची गावं होती. घरच्यांची नावं नव्हती.

बॅग आजही त्याच्या पडवीत आहे... ती आत घ्यायला घरातलं कुणीही तयार नाही.