त्याच्या जागेवरची घोंगडी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या ऑफिसचा अरुंद जिना चढून तो आला, तो थेट आरोहीच्या टेबलापाशी. पायांत धुळीने माखलेल्या वहाणा, खांद्यावर घोंगडी, हातात फोन.

"ह्यात काल लिवलं व्हतं, 'डॉक्टर आज दुपारी येणार.' दिसभर कळप घिऊन थांबलो की. कुटं हायत डॉक्टर?"

आरोहीने फोन हातात घेऊन पाहिला. जनावरांचे डॉक्टर कोणत्या गावी कधी येणार, हे सांगणारं अ‍ॅप तिनेच बनवलं होतं. खरी माहिती येईपर्यंत पान कोरं दिसू नये म्हणून तिने तिथे नमुन्याचं एक वाक्य टाकलं होतं. ऑफिसात ते डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाई. वैरागच्या माळावर रेंज नव्हती, आणि ते वाक्य तसंच राहिलं.

"ते... खरं नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "नुसती जागा भरायला टाकलं होतं."

"जागा रिकामी दिसली असती, तर आजारी मेंढी खांद्यावर घालून वैरागच्या दवाखान्यात नेली असती मी," तो शांतपणे म्हणाला. "सांजच्याला मेली ती."

तो जायला वळला, तशी ती उठून उभी राहिली.

"थांबा ना... मग काय दाखवू मी? कोरं पान दिसलं, की लोकांना वाटतं फोनच बिघडला."

त्याने क्षणभर विचार केला. "आमचा बा मेंढरामागं लांब जातो. आई रोज जेवताना त्याच्या जागंवर घोंगडी अंथरती. तितं कुणी बसत न्हाय, काय वाढत न्हाय. माणूस यायचा हाय, एवढंच कळतं. आला म्हून कुणी खोटं सांगत न्हाय."

त्याचं नाव सयाजी. चार दिवसांत आरोहीने ते वाक्य काढलं. डॉक्टरांचं नाव, गाव, तारीख जिथे यायची, तिथे तेवढ्याच लांबीच्या राखाडी पट्ट्या आल्या, आणि खाली एकच ओळ – माहिती अजून आलेली नाही. माळावर हे नीट दिसतं का, ते सयाजीने बघायचं ठरलं. मग तो दर बाजाराच्या दिवशी ऑफिसात डोकावू लागला.

"दिसल्या पट्ट्या?"

"दिसल्या की. आईनं इचारलं, येवढं कुणी अंथरलंय?"

"मग?"

"म्हनलं, सोलापूरची एक पोरगी हाय. लई राग आल्ता तिचा."

"आणि आता?"

"आता रेंज आली, तरी पान बंद करू वाटंना..."

ती हसली. कान मात्र लाल झाले.

दिवाळी सरली. सयाजीच्या बापाचे गुडघे धरले होते, म्हणून यंदा कळप घेऊन सयाजीलाच भीमेकडे जायचं होतं. निघण्याआधी तो आला आणि आढेवेढे न घेता म्हणाला, "आरोही, माझ्यासंगं लगीन करशील?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण घरी तिने अजून चकार शब्द काढला नव्हता, आणि बाबांना जावई नोकरीवालाच हवा होता.

"तुम्ही मला आवडता. फार आवडता," ती म्हणाली. "पण आज हो म्हटलं, तर तेही नमुन्याचंच वाक्य होईल."

त्याचा चेहरा उतरला. त्याने खांद्यावरची घोंगडी तिच्या शेजारच्या खुर्चीवर घडी करून ठेवली, आणि तो जिना उतरून गेला.

सात महिने त्या खुर्चीवर तिने कुणाला बसू दिलं नाही. घरी सांगितलं, तेव्हा आई रडली. बाबांनी अबोला धरला. सयाजी अधूनमधून फोनवर विचारी, आणि ती दर वेळी तेच सांगे – "अजून नाही." खोटी आशा लावणं किती सोपं होतं! रात्र रात्र तिला झोप लागत नसे, पण तिने ती लावली नाही.

ज्येष्ठात तो परतला. उन्हाने रापलेला, वाळलेला. खुर्चीवरची घोंगडी पाहून दारातच थबकला.

"भिजत घोंगडं न्हाय न्हवं हे?" त्याने हसायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

"काल बाबा बोलले माझ्याशी. म्हणाले, रविवारी त्याला जेवायला बोलाव. आईवडिलांना घेऊन."

"म्हंजी...?"

आरोहीने घोंगडीची घडी मोडली आणि ती आपल्या हाताने खुर्चीवर नीट अंथरली.

"म्हणजे हो. बसा की आता, किती वेळ उभे राहाल?"

सयाजी बसला, आणि बसल्या बसल्या त्याचे डोळे भरून आले.