साडेसहाच्या बॅचआधीचा गिलास

"चहा न्हाई भेटत इथं, मॅडम."

समोरच्या माणसानं हे इतक्या शांतपणे सांगितलं, की भार्गवीला आधी ते खरंच वाटेना. लातुरात, क्लासेसच्या गल्लीत, सकाळचे सहा वाजलेले, आणि या दुकानात चहा नाही? बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. ओढणीचं टोक डोक्यावर धरून ती पत्र्याच्या वळचणीला उभी होती. नांदेडहून येऊन तिला चारच दिवस झाले होते. साडेसहाच्या बॅचला प्राणिशास्त्र शिकवायचं, समोर दीडशे मुलं, आणि पोटात काय तर काल रात्रीच्या दोन पोळ्या.

"मग काय मिळतं?"

"स्मूदी."

"एवढ्या सकाळी?"

"सकाळीच. दहानंतर मी दुकान बंद करून टाकतो."

तिनं घड्याळ पाहिलं. तोवर त्यानं मिक्सरच्या भांड्यात एक पिकलं केळं मोडून टाकलंही होतं. त्यावर भिजलेले शेंगदाणे, तीन खजूर, दोन चमचे कसलंसं पीठ, अर्धी वाटी दही. सगळं मोजून, पण मोजतोय असं न दाखवता. घर्रकन मिक्सर फिरला आणि स्टीलचा उंच गिलास तिच्या हातात आला. दाट, फिकट तपकिरी रंगाचं काहीतरी होतं.

"हे पिऊन झोप आली तर?"

"आली तर तुमचा तास मी घेतो."

"विषय ठाऊक आहे?"

"कोणता हाय?"

"पचनसंस्था."

तो हसला. हसताना त्याची नजर खाली जायची, हे तिनं पहिल्याच दिवशी टिपलं. "मग तर सोपंच हाय. गेलं कुठं ते तुम्ही सांगा, घातलं काय ते मी सांगतो."

त्या दिवशी तिला साडेदहापर्यंत भूक लागली नाही. दुसऱ्या दिवशी ती आपणहून त्या पत्र्याखाली गेली.

त्याचं नाव हरिओम. औशाच्या पुढं, किल्लारीजवळच्या एका गावचा. वय तिच्याएवढंच, पंचविशीचं. शिक्षण बारावी. गल्लीतली निम्मी मुलं रिकाम्या पोटी पहिल्या बॅचला पळतात, हे त्यानं कधीतरी पाहिलं होतं. मेसचा नाश्ता आठला, बॅच साडेसहाला. बिस्किटाचा पुडा दप्तरात ठेवून तीन तास बसणारी ती मुलं. तर यांना चालता चालता पिता येईल आणि दुपारपर्यंत पुरेल असं काय देता येईल, एवढाच त्याचा विचार. त्याची आई साखराबाई मदतीला असायची. तिला स्मूदी हा शब्द काही केल्या म्हणता येत नसे. "पोरीला एक सुमती दे की रं," असं ती म्हणायची, आणि मुलंही मग "मावशी, दोन सुमती" असंच मागायची.

भार्गवी रोज दहा मिनिटं आधी येऊ लागली. कारण विचारलं असतं तर तिनं गर्दीचं सांगितलं असतं.

दुकानाला एक पाटी होती. 'स्मूदी प्या, बुद्धी वाढवा.' महिनाभर तिनं ती सहन केली. मग एके सकाळी गिलास खाली ठेवत म्हणाली, "एक विचारू? बुद्धी वाढते हे कशावरून?"

"सगळेच तसं लिहितात."

"सगळे लिहितात म्हणून... तुम्हीही? मुलं विश्वास ठेवतात हो. परीक्षेच्या भीतीनं काहीही पितील ती."

तो पुढचा गिलास विसळू लागला. तिला वाटलं, दुखावला. दिवसभर तिला ते टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पाटी पांढऱ्या रंगानं पुसलेली होती आणि तिच्यावर दोनच शब्द होते. 'पोट भरतं.'

"हे तरी खरं हाय ना?" त्यानं विचारलं.

"हे अगदी खरं आहे," ती म्हणाली. चूक दाखवल्यावर वाद न घालता एका रात्रीत ती पुसणारा माणूस तिनं तोवर पाहिला नव्हता. तिच्या स्टाफरूममध्ये तर नव्हताच.

तिथून त्यांचे प्रयोग सुरू झाले. साखर काढून टाका, खजूर पुरेसा आहे, असं ती म्हणाली. त्यानं काढली. जवस घालून पाहू, तो म्हणाला. ज्वारीचं पीठ आधी खमंग भाजलं तर कच्चट लागत नाही, हे त्यानंच शोधलं. ज्वारीच्या लाह्या घालायची कल्पना मात्र तिची.

"कसं झालंय?" तिनं उत्सुकतेनं विचारलं होतं.

"पितोय का चावतोय, तेच कळंना गेलंय."

"इतकं वाईट?"

"वाईट न्हाई. चमच्यानं खायचं पिठलं म्हनून विकता येईल."

ती हसत सुटली, आणि तो तिच्या हसण्याकडे बघता बघता मिक्सर चालू करायला विसरला. मागं रांगेतली मुलं खाकरली.

तिला सगळ्यात आवडायचं ते त्याचं मुलांना ओळखणं. त्याला नावं फारशी ठाऊक नसत, पण गिलास ठाऊक असत. देवणीच्या त्या उंच मुलाला दही सोसत नाही, त्याला शेंगदाण्याचं दूध. चष्मेवाल्या वैष्णवीला चाचणीच्या दिवशी मळमळतं, तिला अर्धंच केळं आणि चिमूटभर सुंठ. निलंग्याच्या जुळ्या भावांत धाकटा गप्प झाला की समजायचं, घरची आठवण आली, आणि त्याच्याशी साखराबाईनं दोन शब्द बोलायचे. शिकवतो आपण, भार्गवीला वाटायचं, पण या मुलांना ओळखतो तो.

जानेवारीत ती सुटीहून परतली, ती पहाटेच्या गाडीनं. साडेचारला ती गल्लीत शिरली. सगळी दारं बंद, फक्त त्याच्या दुकानामागच्या खोलीत दिवा. साखराबाई जमिनीवर बसून खजुराच्या बिया काढत होती.

"ये माय. थंडीची कुठं जाती? बस हितं."

"मावशी, तुम्ही इतक्या लवकर उठता?"

"उठते कुठली? साडेतीनला डोळा उघडतोच. भूकंपापासून." साखराबाईचे हात थांबले नाहीत. "पहाटे चारला जरा कमी असतील, तवाच समदं गाव खाली आलं. माझ्या पोटात हा सात महिन्याचा. दुपारला काढलं मला भायेर. ह्याचे वडील न्हाई निघाले. पत्र्याच्या शेडमधी ह्यो जलमला. तवापासून त्या टायमाला मला झोप न्हाई. लहान व्हता तर ह्योबी उठून माझ्यापाशी बसायचा. आई, गोष्ट सांग म्हनायचा. गोष्टी किती दिस पुरतील? मोठा झाला तवा म्हनला, आई, तुला जागच येती तर आपन त्या येळचंच काम करू. मुलं सकाळी उपाशी जातात, त्यांच्यासाठी करू." तिनं बी काढलेला एक खजूर भार्गवीच्या हातावर ठेवला. "आता मी भेत न्हाई. आता मी कामाला उठते."

हरिओम केळ्यांची टोपली घेऊन आत आला. भार्गवीला बघून दारातच थबकला. अर्धापूरची केळी होती, तिच्या नांदेडकडची. ती त्याच्याकडे बघत राहिली. आईच्या झोपेचं दुःख त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पाटीवर लिहिलं नव्हतं. त्यानं त्या दुःखाला नुसतं काम दिलं होतं.

"काय झालं? असं काय बघायलात?"

"काही नाही," ती म्हणाली. "केळी चांगली आहेत."

मग एप्रिल आला. संचालक सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की जूनपासून नांदेडला नवी शाखा उघडतेय, जीवशास्त्र विभागाची प्रमुख तू. तिचं गाव, तिचं घर, मोठी जागा. घरी आई सौदामिनीताईंनी फोनवर ऐकताच देवापुढं साखर ठेवली. लातुरात मात्र भार्गवीनं दोन दिवस कुणालाच काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी, रांग सरल्यावर, तिनं हरिओमला सांगितलं.

त्याचा हात फडक्यावर क्षणभर थांबला. "चांगलं हाय," तो म्हणाला. "तुमचं गाव हाय."

"एवढंच?"

"अजून काय... तुम्ही शिकवता चांगलं. व्हायलाच पायजे."

ती गिलास अर्धा टाकून निघाली. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला वहीचा एक घडी घातलेला कागद दिला. वळणदार, शाळकरी अक्षर होतं. 'शेंगदाणे मूठभर आणि खजूर तीन रात्रीच भिजवा, म्हणजे सकाळी चार मिनिटांत होतं. भांड्यात आधी थोडं पाणी घाला, न्हाईतर पातं अडकतं. पीठ दोन चमचे, भाजलेलंच. जवस एक चमचा. दही ताजं. घटाघटा पिऊ नका, घास घेतल्यासारखं प्या. बॅच कितीबी लवकर असली तरी उपाशी जाऊ नका.'

"मी कृती मागितली होती का तुम्हाला?" तिचा आवाज चढला.

"न्हाई. पण तिथं कोण देईल?"

तिनं कागद पर्समध्ये टाकला.

मेमध्ये परीक्षा झाली, मुलं गावोगाव पांगली आणि भार्गवी नांदेडला गेली. तिसऱ्या सकाळी तिनं तो कागद ओट्यावर उघडून ठेवला आणि जसंच्या तसं केलं. मनातून तिची खात्री होती, की जमणार नाही, काहीतरी उणं राहील. पण काहीच उणं नव्हतं. तीच चव, तोच दाटपणा, तोच रंग. तिचे वडील रेणुकादास निवृत्त मुख्याध्यापक होते, खाण्यापिण्याच्या नव्या गोष्टींना नाक मुरडणारे. त्यांनीही गिलास संपवला. "छान आहे गं. कुणी शिकवलं?"

आणि भार्गवीला रडू आलं. ओट्याशी उभ्या उभ्या, हातात रिकामा गिलास घेऊन. चव सगळी इथं आली होती. म्हणजे दहा महिने ती दहा मिनिटं आधी जात होती, ते चवीसाठी नव्हतंच.

वडिलांनी तिला खुर्चीवर बसवलं. तिनं सगळं सांगितलं. पाटीचं, मुलांच्या गिलासांचं, साडेतीनला उघडणाऱ्या डोळ्यांचं. सौदामिनीताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"शिक्षण?" वडिलांनी विचारलं.

"बारावी. आई एकटी होती, बाबा."

"तो तुला थांब म्हणाला का?"

"नाही. मी नांदेडला जाणार म्हटलं, तर मी इथं उपाशी राहू नये म्हणून हा कागद लिहून दिला."

रेणुकादासांनी चष्मा लावला. कागद दोनदा वाचला. "शुद्धलेखन बरं आहे," ते म्हणाले. मग कागदाची घडी होती तशी घालून तिला परत दिला. सौदामिनीताई दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "त्याच्या आईला गुडघ्याचा त्रास आहे का गं? पहाटे जमिनीवर बसते म्हणालीस." भार्गवी समजली. ती उठली आणि सरांना फोन केला, की मी लातुरातच राहते, नांदेडला दुसऱ्या कुणाला पाठवा.

महिनाअखेरीला ती लातूरला आली. गल्ली रिकामी होती. हॉस्टेलच्या खिडक्या बंद. तो दुकानाच्या पायरीवर बसून मिक्सरची भांडी घासत होता. तिला बघून उठला, हात पुसायचे विसरला.

"तुम्ही तर... नांदेडला होता."

"नाही म्हटलं मी त्यांना." ती पायरीवरच बसली. "आता मला एक सांगा. तुम्ही एकदाही थांबा का म्हणाला नाहीत?"

तो खाली बसला, तिच्यापासून हातभर अंतर राखून. हातातलं भांडं पायरीवर पालथं घातलं.

"माझी आई माहेरी निघाली होती," तो म्हणाला. "पहिलं बाळंतपन. पिशवी भरून तयार. वडील म्हनले, थांब दोन दिवस, गणपती शिरवू, मग मी सोडून येतो. आई थांबली. विसर्जनाच्याच राती भूकंप झाला. आई कधी त्यांना बोल लावत न्हाई. पन मला... तो शब्द कुनालाच म्हनता येत न्हाई, मॅडम. पाव्हन्यालाबी न्हाई. तुमची पिशवी भरलेली दिसत होती मला. लई वाटत होतं. पन तोंडातून निघंना."

भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. "मग तुम्ही म्हणूच नका," ती हळू म्हणाली. "मी माझी ठरवून आलेय. कुणी थांबवलं म्हणून नाही. मला तुम्ही आवडता, हरिओम. बाबांना ठाऊक आहे. आईलाही. त्यांना तुम्हाला भेटायचंय."

त्याचे कान लाल झाले होते. नजर नेहमीसारखी खाली गेली, आणि मग पहिल्यांदाच वर येऊन तिच्यावर ठरली.

"मी... काय बोलू?"

"आज नका बोलू. नऊला स्टाफची मीटिंग आहे माझी." तिनं पर्स खांद्याला लावली आणि उठली. तिला घाई नव्हती, पण त्याला सावरायला वेळ द्यावा असं वाटलं. ती चार पावलं गेली असेल नसेल.

"थांबा."

ती वळली. तो पायरीवर उभा होता. आपल्याच तोंडून निघालेला शब्द त्यानं ऐकला होता, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. गल्लीत सगळं जागच्या जागी होतं. समोरच्या छपरावर दोन कबुतरं ऊन खात बसली होती. त्यानं एक लांब श्वास घेतला.

"थांबा," तो पुन्हा म्हणाला, या वेळी हसत. "आईला बोलावतो. तिच्यासमोर बोलतो."