दुसरं कुलूप

रविवारी कारखाना बंद असला, की साबेराची खरी ड्यूटी सुरू व्हायची. त्या दिवशीही ती खंडाळ्यातल्या घरून चहा-नाश्ता उरकून निघाली, फाटकाशी स्कूटर लावली आणि वॉचमनला म्हणाली, "भाऊसो, आज भट्टी उघडायचीय. दुपार होईल."

भाऊसो फौजेतून रिटायर झालेला गडी. त्यानं तिच्या मागे पाहिलं. "एकल्याच?"

"जोडीदार रजेवर आहे."

"मग हालचं दार उगडं ठेवा, म्याडम. मी हितंच हाय."

या कारखान्यात सर्किट बोर्ड बनत. हिरव्या पाटीवर यंत्र बारीक बारीक भाग मांडी, मग ती पाटी एका लांबलचक बंद भट्टीतून सरकत जाई आणि आतल्या गरम हवेनं सोल्डरचे डाग, म्हणजे भाग पाटीला धरून ठेवणारे धातूचे सांधे, पक्के बसत. सध्याचे बोर्ड जाणार होते दवाखान्यातल्या उबेच्या पेट्यांसाठी; दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ ज्यात ठेवतात, त्या पेट्या. आणि हल्ली प्रत्येक बोर्डाच्या एका कडेचे डाग कच्चे येत होते. कच्चा डाग मोठा लबाड. आज तपासणीत पास होतो, आणि पुढे कधीतरी बाळ आत निजलेलं असताना साथ सोडतो. साबेरानं सगळा माल अडवून धरला होता. मालक ऋषिराज चिडले, पण तिच्या शब्दापुढे गेले नाहीत.

तिचा शब्द तसा होताच. ती मिरजेच्या सतारी बनवणाऱ्या घरातली. अब्बा शमशेर सतारीची जवारी घासून सूर खुलवताना डोळे मिटून बसत, तशी ती यंत्रासमोर डोळे मिटे. पंख्याचा सूर किंचित उतरला तरी तिला दारातूनच कळे. या लाइनीच्या देखभालीची ती प्रमुख होती, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

तिनं भट्टीचा मेन स्विच पाडला, त्याच्या कडीत आपलं लाल कुलूप अडकवलं आणि किल्ली गळ्यात घातली. नियम साधा होता. भट्टीवर जितकी माणसं काम करणार, तितकी कुलपं. शेवटचं निघेपर्यंत वीज चालू होत नाही. दुसऱ्याचं कुलूप कुणी तोडायचं नाही, मालकानंसुद्धा नाही. हा नियम इथे तिनंच आणला होता आणि त्यासाठी भांडलीही होती.

झाकण वर उचललं तसा जळक्या राळेचा वास अंगावर आला. ती कामाला लागते न लागते तोच गावची लाइट गेली. खिडकी नसलेला तो हॉल भर दिवसा काळामिट्ट झाला. उघड्या दारातून येणारी उन्हाची पट्टी निम्म्यातच विरत होती. साबेरानं कपाळावरचा दिवा लावला.

एकेक पंखा बोटानं फिरवत ती पुढे सरकली. तेवढ्यात भट्टीच्या पलीकडच्या बाजूनं आवाज आला. कर्र... कर्र... पान्यानं कुणीतरी स्क्रू फिरवत असल्यासारखा.

"भाऊसो?"

आवाज थांबला.

ती पुढच्या पंख्याशी गेली. पुन्हा कर्र... कर्र... आणि आता तिच्या समोरच, पत्र्याच्या पलीकडे. तिनं त्या पंख्याला हात लावला मात्र, पातं दांड्यावर गरकन घसरलं. दांडा जागच्या जागी, पातं सैल! इतके दिवस मोटार फिरत होती, काटा बरोबर गरमी दाखवत होता, आणि वारा मात्र त्या कडेला पोचतच नव्हता. सापडलं!

भीतीआधी तिला अभिमान वाटला. मग अंगावर काटा आला.

पात्याचा स्क्रू आवळायचा तर एकानं दांडा पलीकडून धरावा लागतो. ती एकटी. पाना लावला की दांडा सोबत फिरे. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा... दांडा घट्ट उभा राहिला. कुणीतरी मुठीत धरल्यासारखा. धापा टाकल्याचा बारीक आवाज येत होता, आणि तो तिचा नव्हता.

पळून जावं असं पायांना वाटलं. हातांना नाही. तिनं पाना फिरवला.

"आनि... जरा..." अंधारातून कुणी कुजबुजलं.

तिनं आणखी आवळला.

"बास."

दांडा सुटला. साबेरानं झाकण बंद केलं. तेवढ्यात लाइट आली आणि सगळा हॉल लख्ख दिसू लागला. कुणीही नव्हतं. ती मेन स्विचशी गेली, आणि थबकली. तिच्या लाल कुलपाशेजारी दुसरं कुलूप लटकत होतं. जुनं, काळं, तेलकट, आणि नुकतंच कुणाच्या हातात असल्यासारखं कोमट.

हाकेसरशी भाऊसो धावत आला. "फाटकातनं कोन बी आलं न्हाई," तो म्हणाला. "आन् हितं कवा कोन मेलं बी न्हाई. कारखान्याआदी उसाचं रान हुतं निस्तं. कटर आणू का?"

"नाही."

"आवं, पर..."

"कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. तो बाहेर येईपर्यंत भट्टी चालू होणार नाही."

भाऊसो तिच्याकडे बघतच राहिला. फौजेत त्यानं बरेच हुकूम ऐकले होते, असा ऐकला नव्हता. तो मागे सरला, पण गेला नाही.

साबेरानं आपलं कुलूप काढलं आणि भट्टीकडे तोंड करून म्हणाली, "काम झालंय. मी निघालेय. तुमचं तुम्ही काढा, मी थांबते." आणि ती स्टुलावर बसून राहिली.

दारातली उन्हाची पट्टी भिंतीवर चढली, तेव्हा कुठं खट्ट झालं. काळं कुलूप उघडं लोंबत होतं.

त्या संध्याकाळी चाचणीसाठी भट्टीतून काढलेल्या बोर्डांचे डाग कडेपर्यंत चांदीसारखे लखलखत होते. भिंगाखाली बघताना साबेराचे डोळे भरून आले. असं काम तिनं स्वतःही कधी पाहिलं नव्हतं. सोमवारी ऋषिराज सगळ्यांसमोर म्हणाले, "म्याडमनी माल अडवला म्हणून आपलं नाव राहिलं." तिनं मान ताठ ठेवून ते ऐकलं.

मग दर देखभालीला ते कुलूप येऊ लागलं. ती आपलं काढी, तेच शब्द बोले, थांबे, आणि खट्ट होई. भीतीही सवयीची झाली.

परवाच्या रविवारीही तसंच झालं. काळं कुलूप उघडलं. साबेरानं ते कडीतून काढून ठेवलं, स्विचवर हात ठेवला आणि तो वर ढकलणार, तोच बंद झाकणाच्या आतून पत्र्यावर घाईघाईनं थापा पडल्या.

"थांबा... बाई..." आवाज बारीक होता, पोराचा म्हणावा असा, आणि तो तिनं आजवर कधीच ऐकला नव्हता. "माज्याकडं... कुलूप न्हाई..."

साबेरानं हात खाली घेतला, स्विचच्या कडीत आपलं लाल कुलूप पुन्हा अडकवलं आणि स्टुलावर जाऊन बसली.